इथून पुढे कोणालाही विचारा

सदाशिव केरकर यांच्याबद्दल लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला या माणसाचा राग येतो. गोव्यात आमच्या डिचोलीच्या बाजारात त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा एकही माणूस सापडायचा नाही. आमच्या खालच्या हार्डवेअरवाल्याला विचारा, कोपऱ्यावरच्या भाजी-पाववाल्याला विचारा, सगळे एकमुखानं सांगतील की सदाबाब म्हणजे देवमाणूस. त्या देवमाणसाबरोबर एका खोलीत काम करून बघा म्हणावं, आणि मग बोला.

आमचं ऑफिस म्हणजे त्या हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली आणि बाहेर चिंचोळी गॅलरी. माणसं तीन. प्रथमेश सगळा कोड लिहितो आणि दिवसभर कानांना हेडफोन लावून बसतो. मी सुविधा गावस. चाचण्या, पत्रव्यवहार आणि सगळ्यांवर ओरडणं ही माझी कामं. आणि सदाबाब, त्यांच्याकडे लेखी माहिती. म्हणजे आमचं साधन कंप्युटरवर कसं बसवायचं, कसं चालवायचं हे लिहून ठेवणं. ते आमच्यापेक्षा बरेच मोठे, पन्नाशीला टेकलेले. आधी पेडण्यातल्या एका शाळेत तासांवर कंप्युटर शिकवायचे. राहायला केरीला, तिथून रोज स्कूटरनं डिचोलीला येतात.

आमच्या साधनाचं नाव 'पारख'. ते काय करतं हे मी घरी आईला जसं सांगितलं तसंच इथे सांगते. हल्ली मोठे प्रोग्रॅम सुटे पाठवत नाहीत. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात बंद करून पाठवतात, त्या डब्याला कंटेनर म्हणतात. डबा उघडून आतलं चालवणारं एक इंजिन असतं, ते रनटाइम. अशी इंजिनं जगात बरीच आहेत, वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली, आणि आमचं इंजिन नियमाप्रमाणे चालतं असं प्रत्येक जण छातीठोक सांगतो. खरंच चालतं का ते पारख तपासते. ती कोणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, हवी तशी बदलावी. आई म्हणाली, फुकट घेतात तर तुला पगार कोण देतो? तो विषय मी तिथेच सोडला.

सांगायचं ते हे की पारख कोण घेतं हे आम्हाला कळत नाही. पोलंडातला, ब्राझीलमधला, नागपूरचा माणूस आपापल्या घरी बसून सदाबाबांनी लिहिलेलं पान वाचतो आणि त्यात सांगितलंय तसं करत जातो. पान नीट असेल तर त्याचं काम होतं, नाहीतर तो वैतागून दुसरं साधन शोधतो.

आता सदाबाबांचं पान कसं होतं ते ऐका. सुरुवात बरी होती. मग मध्येच एका ठिकाणी: 'इथे दोन फोल्डर दिसतील. मोठा डाव्या हाताला सोडून पुढे जावे.' त्याच्याखाली: 'पुढे थोडा वेळ काहीच दिसणार नाही, घाबरू नये.' आणि जिथे माणूस खरोखर अडतो तिथे तर कमालच. एकाच कंप्युटरवर दोन इंजिनं असली की त्यातल्या कुठल्या इंजिनाचं दार वाजवायचं ते पारखला सांगावं लागतं. ते कसं सांगायचं हे लिहायच्या ऐवजी या गृहस्थांनी स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं, 'इथून पुढे कोणालाही विचारा.' खाली स्वतःचा मोबाइल नंबर.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, मग कपाळावर हात मारला. कोणालाही म्हणजे कोणाला? ऑस्लोत स्वतःच्या खोलीत एकटा बसलेला माणूस कोणाला विचारणार? सदाबाबांना यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. म्हणाले, म्हणून तर नंबर दिला.

आणि लोक खरंच फोन करायचे. हे सगळ्यात वाईट. कोणीच केला नसता तर मी ते पान केव्हाच बदलून घेतलं असतं. पण सकाळ-संध्याकाळ त्यांचा फोन वाजायचा आणि ते सगळं बाजूला ठेवून 'हां, सांगा' म्हणत गॅलरीत जायचे. इंग्रजी, हिंदी, मराठी, जी भाषा येईल ती. एकदा ब्राझीलच्या एका पोराला इंग्रजी धड येईना. सदाबाबांनी चक्क आमच्या घरातला शब्द वापरून त्याला जनेल उघडायला सांगितलं, म्हणजे कंप्युटरवरची खिडकी, आणि पोर्तुगीजच शब्द तो, त्या पोराला कळला. तो किस्सा त्यांनी बाजारभर सांगितला. माझं म्हणणं एवढंच होतं की त्या पोराचं अडलेलं सुटलं, पण तो कुठे अडला होता ते पानात लिहिलं का? नाही लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुसरा कोणी तिथेच अडला. पुन्हा फोन.

मी सांगून थकले. सदाबाब, एकदा नीट लिहा, मग कोणाला फोन करावा लागणार नाही. ते मान हलवायचे. 'लिवतंय गो,' म्हणायचे, आणि फोन वाजला की उठायचे. प्रथमेशला सांगितलं तर त्यानं एका कानावरचा हेडफोन उचलून विचारलं, लोकांचं काम होतंय ना? आणि हेडफोन परत लावला. त्या दोघांच्या मध्ये माझं डोकं फुटायची वेळ यायची.

हे त्यांच्या अंगात कुठून आलं ते मला नंतर कळलं. केरीला त्यांच्या वडिलांचं, कृष्णनाथांचं, फेरीबोटीच्या धक्क्याजवळ सोडावॉटरचं दुकान होतं. नदीपलीकडच्या तेरेखोलच्या किल्ल्यावर जायला आलेला माणूस पहिल्यांदा तिथेच वाट विचारणार. कृष्णनाथ बोट दाखवून कधी वाट सांगायचे नाहीत. दुकानाची फळी लावायचे आणि त्या माणसाबरोबर चालू लागायचे, कधी फेरीत बसून पलीकडे. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं, घरी भात निवून गार, आणि हे कुठल्यातरी परक्या कुटुंबाला किल्ला दाखवून निवांत परत येणार. सदाबाब हे मोठ्या अभिमानानं सांगतात. त्यांच्या आईनं काय भोगलं असेल ते मला विचारा.

तर मुलगाही तसाच. मोबाइलचा नकाशा पर्यटकांना हमखास कुठल्यातरी बोळात नेऊन सोडतो, आणि सकाळी ऑफिसला येताना मांद्र्याच्या आसपास अशी एखादी गाडी दिसली की यांची स्कूटर तिच्यापुढे लागलीच समजा. एकदा ऑफिसात अकरा वाजले तरी पत्ता नाही. एका कुटुंबाचं विमान चुकेल म्हणून मोपाच्या विमानतळापर्यंत पुढे स्कूटर चालवत गेले होते. मी म्हटलं, रस्त्यावर पाट्या आहेत. तर म्हणे, पाट्या असतात, पण त्या माणसाच्या पोटात गोळा आला होता.

असं हे वर्षानुवर्षं चाललं असतं, आणि मी आयुष्यभर धुसफुसत राहिले असते. पण मध्ये प्रमाणपत्राची भानगड आली.

परदेशात एक संस्था आहे. ती अशा तपासणी-साधनांना प्रमाणपत्र देते. ते असलं की इंजिन बनवणारे आमच्या अहवालावर विश्वास ठेवणार, नसलं तर नाही. आत्तापर्यंत कोणी विचारत नव्हतं. या वर्षापासून सगळे विचारू लागले. ज्या दोन मोठ्या इंजिनांचे लोक पारख वापरत होते त्यांनी स्पष्ट कळवलं की प्रमाणपत्र मिळालं तर राहतो, नाहीतर दुसरीकडे जातो. आमचे पगार त्यांच्याच पैशातून निघायचे, ते गेले असते तर आमच्या खोलीला कुलूप. प्रथमेशला पुण्यातून बोलावणं होतंच. मी कुठेतरी लागले असते. सदाबाबांना मात्र या वयात कोण घेणार होतं? शाळेत परत तासांवर जायचं म्हटलं तरी तिथे आता तरुण पोरं रांगेत. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, पण कोणी तोंडातून काढलं नाही.

पारखच्या कोडची परीक्षा प्रथमेशनं सहज पार केली. राहिली लेखी माहितीची. तिचा नियम असा: संस्था एक अनोळखी माणूस निवडणार. त्यानं कोऱ्या कंप्युटरवर फक्त आमचं पान वाचून पारख बसवायची आणि एक पूर्ण तपासणी चालवून दाखवायची. त्याचा पडदा आम्हाला दिसणार, पण आम्ही त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. कोणत्याही मार्गानं मदत केली तर नापास. संधी दोनच.

मी नियम वाचला आणि सदाबाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

मग मी पानाच्या मागे लागले. नंबर काढला. डावा हात, उजवा हात काढला. 'कोणालाही विचारा' काढून तिथे काय करायचं ते मीच दोन ओळींत लिहिलं. सदाबाब शेजारी बसून 'बरां दिसता' म्हणत राहिले. मला वाटलं, झालं.

परीक्षेला संस्थेनं निवडला बेळगावचा एक मुलगा, विनायक नावाचा. दुपारी जेवून आम्ही तिघे पडद्यासमोर बसलो. विनायक हुशार होता, भराभर जात होता. मी मनातल्या मनात पेढे वाटायला घेतले होते. आणि मग तो तिथेच आला, दोन इंजिनांच्या दारापाशी. मी लिहिलेल्या दोन ओळी त्यानं वाचल्या, आज्ञा दिली, पारखनं नकार दिला आणि पडद्यावर लाल अक्षरांत चूक झाल्याचा संदेश आला. त्या संदेशाच्या शेवटी लिहिलेलं होतं: 'अडचण असल्यास सदाशिव यांना फोन करावा.' आणि नंबर.

पानातून मी तो काढला होता. पण पारखच्या पोटात, कोडमध्येच, तो बसलेला होता हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सदाबाबांनी तो घातला होता, आणि प्रथमेशनं न वाचता मंजूर केला होता. मी प्रथमेशकडे बघितलं. त्यानं हेडफोन काढले. एवढ्या वर्षांत ऑफिसच्या वेळात त्यानं ते आपणहून काढलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

विनायकला काय माहीत? समोर नंबर दिसला, त्याला तो परीक्षेचाच भाग वाटला. टेबलावर सदाबाबांचा फोन वाजू लागला. मी त्याच्यावर हात ठेवला. वाजून थांबला. पडद्यावर विनायकनं तीच आज्ञा पुन्हा दिली, पुन्हा लाल अक्षरं. फोन पुन्हा वाजू लागला.

'सुविधा, तो थंय अडकलो हा,' सदाबाब म्हणाले.

मी म्हटलं, अडकू दे तिथेच. परीक्षाच ती आहे.

'मानूस आमच्या दारात उबो आसा, आनी आमी भितर बसान बघतंव?'

मी हात काढला नाही. त्यांनी माझा हात अगदी हळू, लहान मुलाचा उचलावा तसा, फोनवरून उचलला, फोन घेतला आणि म्हणाले, 'हां, सांगा.'

'सर, हितं तुमचा नंबर आलाय बघा,' पलीकडून आवाज आला. पुढे मी ऐकलं नाही. गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली बाजार चालू होता. आतून सदाबाबांचा आवाज येत होता. त्या मुलाला विचारत होते, जेवलात काय.

संस्थेचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. मदत दिली गेल्याचं आढळलं, नापास. सहा आठवड्यांनी दुसरी आणि शेवटची संधी.

त्या दिवशी मी सदाबाबांना जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तुमच्या या चांगुलपणामुळे आपण तिघेही रस्त्यावर येणार, एवढं सांगितलं तरी पुरे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि समोरचा माणूस भांडायलाही तयार नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, चुकलं. कोडमधला नंबर त्यांनी सकाळीच काढून टाकला होता. अशा माणसाशी भांडण तरी कसं करायचं, सांगा. मी पाणी प्यायले आणि कामाला बसले.

काम म्हणजे त्यांच्याकडून ते पान पुन्हा लिहून घेणं. आणि इथे माझे खरे हाल सुरू झाले. सदाबाब कंप्युटरसमोर बसले की त्यांना काही सुचायचं नाही. बोटं कीबोर्डवर ठेवून बसायचे, एक वाक्य लिहायचे, पुसायचे. मी म्हणायची, अहो, तुम्ही रोज लोकांना हेच तर सांगता, तेच लिहा. ते म्हणायचे, विचारणारा पलीकडे असला की सुचतं. नुसत्या पडद्याला काय सांगायचं? माझ्या डोक्यात तिडीक जायची.

शेवटी मी एक उपाय काढला. एक जुना कंप्युटर पूर्ण कोरा केला, तो घेऊन गॅलरीत बसले, दार लावलं आणि आतल्या सदाबाबांना फोन लावला. म्हटलं, मी एक अडलेली बाई आहे, मला पारख बसवायची आहे. खिडकीतून ते दिसत होते, चार हातांवर बसलेले, पण फोन कानाला लागताच माणूस बदलला. 'हां, सांगा. जेवलात काय?' मी म्हटलं, सदाबाब, आत्ताच आपण दोघांनी एकत्र पाव-भाजी खाल्ली. तर म्हणाले, ते खरं, पण विचारायचं असतं.

असे आम्ही रोज बसू लागलो. मी मुद्दाम चुका करायची, वेड्यासारखे प्रश्न विचारायची, आणि ते काय बोलतात ते झराझरा लिहून घ्यायची. खालचा हार्डवेअरवाला वर बघून हसायचा. त्याला वाटायचं मी भांडून बाहेर बसले आहे. उन्हानं गॅलरी तापायची, ट्रकची धूळ यायची, वीज जायची. मी चिडायची. तिकडे सदाबाब शांतपणे विचारायचे, आता तुमच्या समोर काय दिसतंय?

असं करता करता माझ्या लक्षात आलं की ते लोकांना काय करा हे फार कमी सांगतात. ते विचारत राहतात. समोर काय दिसतंय? अक्षरं लाल आहेत की पांढरी? याआधी कुठलं दुसरं इंजिन बसवलं होतं का? कोणी दुसऱ्यानं बसवून दिलं होतं का? माणूस उत्तर देता देता स्वतःच दारापर्यंत पोचतो. मी ते तसंच पानात घेतलं. प्रत्येक पायरीनंतर: आता तुम्हाला हे दिसेल. हे न दिसता ते दिसलं तर असं करा. दोन इंजिनांच्या दारापाशी त्यांचे चारही प्रश्न, आणि प्रत्येक उत्तराला पुढची वाट. 'जेवलात काय' मात्र मी काढलं. काढताना ते शेजारी उभे होते. म्हणाले, तेही असू दे की. मी म्हटलं, हे परीक्षेचं पान आहे, फेरीचा धक्का नाही.

दुसऱ्या परीक्षेला कोरियातली एक बाई होती. सदाबाबांचा फोन मी सकाळीच काढून घेऊन खाली हार्डवेअरच्या दुकानात ठेवला होता. ते हात मांड्यांखाली दाबून पडद्यासमोर बसले. ती बाई सावकाश जाणारी, एकेक ओळ दोनदा वाचणारी. प्रथमेशही हेडफोन न लावता बसला होता. आणि ती त्या दाराशी आली.

आली आणि थांबली. पडद्यावर काहीच हलेना. बाण एका जागी. चहा करायला उठली असेल, रडत असेल, काय असेल ते कळायला मार्ग नाही. सदाबाबांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण मला कळलं ते काय विचारताहेत. तेच चार प्रश्न, त्याच क्रमानं. एकदा ते उठले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन बसले. मला त्या क्षणी त्यांच्यावर ओरडावं की त्यांचा हात धरावा हेच कळेना. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

मग बाण हलला. बाईनं पानावरचा एक प्रश्न पुन्हा वाचला, वर गेली, खाली आली, आणि एक ओळ टाइप केली. दार उघडलं. पुढची तपासणी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हिरवी गेली. प्रथमेशनं टाळी वाजवली. मी, मला सांगायला लाज वाटते, पण मी रडले. सदाबाब जाऊन तोंड धुऊन आले.

प्रमाणपत्र पुढच्या आठवड्यात आलं. दोन्ही मोठ्या इंजिनांचे लोक राहिले, खोली राहिली, आम्ही तिघे राहिलो. सदाबाबांनी केरीहून खतखतं, म्हणजे सगळ्या भाज्यांचं कालवण, करून आणलं आणि खालच्या दुकानदारापासून सगळ्यांना वाढलं. जेवण झाल्यावर त्यांनी प्रमाणपत्र पडद्यावर मोठं करून नीट वाचलं. त्यात एक ओळ होती: 'परीक्षार्थीनं हे साधन कोणाच्याही मदतीशिवाय बसवलं.' ती ओळ त्यांनी बोटानं दाखवली.

'म्हणजे आमी थंय नव्हतोच काय गो?' म्हणाले. हसत म्हणाले. मीही हसले, आणि मला वाटलं काहीतरी उत्तर द्यायला हवं. या एका ओळीसाठी मी सहा आठवडे त्यांना छळलं होतं. ती चांगली ओळ आहे, तिचा अर्थ तुम्ही उत्तम काम केलंत असा आहे, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, नेहमी हलवतात तशी.

नवीन पान सगळीकडे गेलं. लोक वाचतात, बसवतात, चालवतात. पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त लोक पारख घेतात, हे आकडे मीच दर सोमवारी बघते. तक्रार नाही, प्रश्न नाही. सदाबाब वेळेवर येतात, नवीन पानं लिहितात, आणि खरं सांगायचं तर आता चांगली लिहितात. दुपारी गॅलरी रिकामी असते. मला जी शांतता हवी होती ती अशी पूर्ण मिळाली आहे की मी चिडायचं कारण शोधत बसते.

परवा सकाळी ते कामाला बसले, फोन काढून टेबलावर ठेवला, थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग उलटा केला, मागचं कव्हर काढलं, पुन्हा बसवलं, बंद करून चालू केला.

'सुविधा, फोन लाव गो जरा माका,' म्हणाले. 'लागता काय बघया.'

मी त्यांच्या समोरच बसले होते. लावला. त्यांचा फोन वाजला, अगदी मोठ्यानं, खोलीभर. प्रथमेशनंही मान वर केली. सदाबाबांनी तो उचलला नाही, वाजू दिला, आणि पूर्ण वाजून झाल्यावर म्हणाले, बरो आसा, काय बिघडूंक नाय. आणि पुन्हा लिहायला लागले.